पानाची डावी बाजू

शैलाताई, परवा तुमचं तेरावं झालं. जेवणासाठी सोसायटीचा हॉल घेतला होता, आचारी आपल्या करोल बागेतल्या मंडळाचेच. वाढायला भाचरं होती, तुमचा भाऊ होता, पण मीठ वाढायचं काम मी कुणाला दिलं नाही. अविनाश म्हणाला, "अगं, जरा बस ना. दमली आहेस." मी म्हटलं, "दमलेय. पण मीठ मीच वाढणार." नवरा माझा असला तरी भाऊ तुमचाच तो. लगेच समजला आणि मिठाची वाटी माझ्या हातात दिली.

लोक तुमच्याबद्दल फार छान छान बोलत होते. शांत स्वभाव, कधी आवाज चढला नाही, सगळ्यांना सांभाळून घेणारी बाई. मी ऐकत होते आणि मनात म्हणत होते, अहो, कुणाबद्दल बोलताय? शांत? आमच्या शैलाताई? झारा ओट्यावर आपटून "मृदुला, तू डॉक्टर असशील, पण गणितात ढ आहेस, बिल्कुल ढ" असं ठणकावणारी माझी नणंद शांत? तुमच्याबद्दल असं गुळमुळीत बोललेलं मला ऐकवेना. तुम्हाला देवमाणूस करून भिंतीवर टांगायची सगळ्यांना घाई झालीय. मला झालेली नाही. आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते मिटेपर्यंत मी काही तुम्हाला कैलासवासी वगैरे म्हणणार नाही.

मला बघायला तुम्ही दोघं पुण्याला आला होतात, आठवतं? मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले, आणि तुम्ही बशी घेता घेता हळूच म्हणालात, "टेन्शन नको घेऊस यार, माझा भाऊ पण घाबरलाय." माझ्या आईला ते 'यार' पुढे कितीतरी दिवस पचलं नाही. "अगं, ही नणंद आहे की कॉलेजातली पोरगी?" असं ती मला फोनवर विचारायची. दिल्लीत आल्यावर मला तुमचं सगळं प्रकरण कळलं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, जन्म सरकारी क्वार्टरमधला, शाळा पहाडगंजची मराठी, आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य हिंदीत आणि इंग्रजीत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि चिडलात की दोन्ही एकदम.

आणि आपली कामं तरी कशी जुळून यावीत! मी लहान मुलांच्या हृदयाची चित्रं वाचणारी डॉक्टर. तुम्ही एमआरआय मशीनच्या मागचं गणित करणाऱ्या शास्त्रज्ञ. म्हणजे चित्रं तुम्ही बनवणार आणि मी त्यांत खोट काढणार. अशा दोन बायका एका घरात नांदायला लागल्यावर जेवताना दुसरा विषय कशाला निघतोय? अविनाश बिचारा अधूनमधून क्रिकेटचा स्कोअर सांगून बघायचा. कुणी ऐकायचं नाही.

तुमचं दुखणं एकच होतं. मशीन फोटो काढत नाही, ते आकड्यांच्या ओळी गोळा करतं, एकेक करून, आणि पुरेशा ओळी जमल्या की त्यांचं चित्र होतं. धडधडत्या हृदयाची फिल्म हवी तर अशी कितीतरी चित्रं लागतात. मशीन धिमं, हृदयाला घाई. म्हणून पेशंटला सांगायचं, श्वास रोखून धरा. मोठं माणूस धरतं कसंबसं. लहान मूल कुठून धरणार? मग त्याला भूल द्यायची. आणि ज्या लेकराचं हृदय नि फुप्फुसं आधीच नाजूक, त्यालाच भूल देताना भूलतज्ज्ञाचाही जीव वरखाली होतो. काही मुलांना तर भूल देताच येत नाही, मग फिल्म नाही, आणि फिल्म नाही म्हणून ऑपरेशनचा निर्णय नाही. "पिक्चरसाठी पोराला बेहोश करायचं, हे काय विज्ञान झालं?" असं तुम्ही मला विचारायच्या, जणू काही मशीन मीच बनवलं होतं.

मग एका पाडव्याला तुम्ही कुठूनशी केळीची पानं पैदा केलीत आणि जेवता जेवता माझ्याच पानावर बोट ठेवून मला शिकवायला लागलात. "हे बघ. मधे काय? भात-वरण. डाव्या बाजूला काय? मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. भात सारखा संपतो, तो दर फेरीला वाढावा लागतो. डावी बाजू कुणी दर फेरीला वाढतं का? माझ्या आकड्यांचं तसंच आहे. मधल्या ओळींत चित्राचा मुख्य ऐवज, उजेड-अंधार, ढोबळ आकार. कडेच्या ओळींत बारकावे, रेघा. मधल्या ओळी दर चित्राला ताज्या घ्यायच्या. कडेच्या ओळी या फेरीला थोड्या, पुढच्या फेरीला दुसऱ्या थोड्या, आणि शेजारशेजारच्या चित्रांनी त्या आपापसांत वाटून घ्यायच्या. टाइम किती वाचला, सांग!" वाटून घ्यायची ही युक्ती तुमची नव्हे, जगात आधीपासून आहे, हे तुम्ही न विसरता प्रत्येकाला सांगायच्या. तुम्हाला ती आपल्याकडच्या मुलांसाठी चालवून दाखवायची होती.

मी पुस्तकात हे सगळं वाचलं होतं. कळलं मात्र त्या पानावरून. पण कळलं म्हणून मी गप्प बसते होय? मी विचारलं, "आणि कुणाची चटणी मधेच संपली तर?"

"नाही संपत."

"संपली तर?"

"अगं, नाही संपत म्हणतेय ना!"

झालं. तिथून जे सुरू झालं ते सुरूच.

पहिला बकरा अर्थातच अविनाश. सगळ्या रीतसर परवानग्या घेऊन तुम्ही सख्ख्या भावाला मशीनमध्ये घातलंत. तो आत पडून स्तोत्र म्हणत होता आणि बाहेर तुम्ही "अवी, ओठ हलवू नकोस!" म्हणून माइकवरून ओरडत होतात. फिल्म आली. हृदयाच्या भिंती काय सुरेख दिसत होत्या! आकुंचन, प्रसरण, सगळं अगदी डोळ्यांसमोर. पण हृदयात सगळ्यांत वेगानं हलते ती झडप, आणि तुमच्या फिल्ममध्ये तिच्या मागे, शेजारच्या चित्राकडून उसन्या घेतलेल्या ओळींमुळे, आणखी एक फिकट झडप फडफडत होती. मी तुमच्याकडे वळून म्हटलं, "शैलाताई, तुमच्या भावाला एकाच्या जागी दोन झडपा दिसतायत. लग्न झालं तेव्हा एकच होती." मशीनमधून नुकताच बाहेर सरकलेला अविनाश टुणकन उठून बसला. "काय झालंय मला?" मी म्हटलं, "तुला काही नाही. तुझ्या बहिणीचं गणित झालंय."

हसलो आपण तेव्हा, पण माझं हसू फार वेळ टिकलं नाही. कारण अशीच फिकट रेघ एखाद्या चिमुरडीच्या हृदयात दिसली, तर मी काय लिहायचं? आहे म्हणून लिहिलं आणि नसली, तर पोरगी उगाच ऑपरेशनच्या टेबलावर जाणार. गणिताची सावली म्हणून सोडून दिली आणि खरंच काही असलं, तर? मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं की हे मुलांवर वापरायला मी हो म्हणणार नाही. तुमचा चेहरा पडला. तुम्ही म्हणालात, "भूल देऊन मुलं धोक्यात घालता ते चालतं, आणि एक हलकीशी सावली नाही चालत?" मी म्हटलं, "नाही चालत." त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. सकाळी माझा डबा मात्र न चुकता भरून ठेवायच्या, आणि त्यात मुद्दाम कोशिंबीर नसायची.

त्याच साली मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या वाढपाची सूत्रं तुमच्या हाती आली. आणि तुम्ही काय केलंत? अहो, गणपतीची पंगत तुम्ही तुमच्या मशीनसारखी चालवायला घेतलीत! वाढणाऱ्या सगळ्यांना रांगेत उभं करून हुकूम सोडला. लोक बसायच्या आधी डावी बाजू एकदा वाढून टाकायची. नंतर फेऱ्या फक्त भात-वरणाच्या. दर फेरीला एकानेच डावीकडचा एकच पदार्थ घेऊन चक्कर मारायची, या फेरीला चटणी, पुढच्या फेरीला कोशिंबीर. मीठ परत नाही. आणि मग माझ्याकडे बघून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडून म्हणालात, "आता बघच तू."

खरं सांगते, पंगत काय भरधाव चालली! बाहेर ताटकळलेली माणसं भराभर आत येत होती. मंडळाचे अध्यक्ष तुमच्या पाठीवर थाप मारून गेले. तुम्ही भाताची परात घेऊन अशा काही ऐटीत चालला होतात की माझा तिळपापड झाला.

पण ही दिल्ली. पुण्यात पंगत उठल्याशिवाय कुणी उठत नाही. इथे एकाला मेट्रो गाठायची, दुसऱ्याची गाडी कुणीतरी अडवलेली, तिसऱ्याला नोएडाहून बायकोचा फोन. माणसं मधेच उठत होती, त्यांचं पान उचलून त्याच जागी कोरं पान मांडलं जात होतं आणि दारातलं पुढचं माणूस तिथे बसत होतं. आणि अशाच एका जागेवर येऊन बसल्या आपल्या दांडेकर काकू, मंडळाच्या सगळ्यांत जुन्या सभासद आणि सगळ्यांत खणखणीत आवाजाच्या. त्यांच्या पानात भात पडला, वरण पडलं. पुन्हा भात, पुन्हा वरण. काकूंनी वाट पाहिली, पाहिली, आणि मग हॉलच्या त्या टोकाकडून जी आरोळी दिली!

"शैलाऽ! अगं, नुसता भात किती गिळू मी? पानात मीठसुद्धा नाही माझ्या!"

वाढणारा धावत गेला आणि त्यांनाच समजावायला लागला, "काकू, या पानाला मीठ झालंय."

"कुठे झालंय? दाखव!"

"झालंय काकू, मी स्वतः वाढलंय इथे."

"अरे मेल्या, ते आधीच्या माणसाला! मी आत्ता येऊन बसलेय!"

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. हसता हसता अर्धं वरण मी सतरंजीवर सांडलं. तशीच तुमच्याजवळ आले आणि म्हटलं, "बघा. जागा तीच, पान तिथेच, पण माणूस बदललं. आणि तुमच्या गणितात अजून आधीचाच जेवतोय." मला वाटलं, तुम्ही परात माझ्या डोक्यावर उपडी कराल. पण चारी बाजूंनी "भात! भात!" चालू होतं आणि तुम्ही काकूंच्या पानाकडे बघत नुसत्या उभ्या होतात. मग म्हणालात, "अच्छा." एवढंच. परात माझ्या हातात दिलीत, मिठाची वाटी घेतलीत आणि काकूंच्या पानात मिठापासून सगळी डावी बाजू स्वतः वाढलीत. नंतरच्या फेऱ्यांना तुम्ही काही वाढलं नाहीत. एका कडेला उभं राहून रांगांवर नजर ठेवलीत, आणि कुठे नवं माणूस बसलं की तिथे आधी मीठ पाठवलंत. पंगत जरा हळू झाली, पण कुणी अळणी जेवलं नाही.

शैलाताई, त्या 'अच्छा'तून पुढे काय निघालं, ते आता मी सगळ्यांना छाती काढून सांगते. मधल्या ओळी तर दर फेरीला ताज्या येतातच. मग त्यांनाच विचारायचं, कुठल्या क्षणाला हृदयात फार हललंय? तिथे शेजारच्याकडून उसनं घ्यायचं नाही, तेवढ्यापुरती डावी बाजू पहिल्यापासून वाढायची. जिथे सगळं निवांत आहे तिथे बिनधास्त वाटून घ्यायचं. ऐकायला किती सोपं! तुमची त्यात वर्षं गेली. मशीन रिकामं कधी मिळेल त्यासाठी तुम्ही लोकांच्या किती विनवण्या केल्यात ते मी पाहिलंय. हिवाळ्यात ती धुरकट हवा, डोळे चुरचुरतायत, आणि तुम्ही मेट्रोतून उतरून शेअर रिक्षानं घरी येताय, दारातच चपला काढता काढता मला सांगताय, "आज सावली थोडी कमी झाली." वाटून कसं घ्यायचं हे जगाला ठाऊक होतं. कधी वाटून घ्यायचं नाही, हे तुम्ही इतक्या चिवटपणे शोधलंत. माझी नणंद आहे ती, असं मी आता ओळख नसलेल्यांनाही सांगते.

मग ती परीक्षा. हॉस्पिटलच्या समितीनं जुन्या पद्धतीच्या आणि तुमच्या पद्धतीच्या फिल्म्स नावं झाकून आमच्यासमोर ठेवल्या. मी घरातली म्हणून माझ्याबरोबर आणखी एक डॉक्टर होते, तुमच्याशी काडीचं नातं नसलेले. मी डोळ्यांत तेल घालून सावली शोधली. तुमच्यावर राग काढायचा होता म्हणून नव्हे, कुणाच्या तरी लेकराचा प्रश्न होता म्हणून. मला एकही सापडली नाही. त्या दुसऱ्या डॉक्टरांनाही नाही. घरी आले तर तुम्ही पोळ्या लाटत होतात. काही विचारलं नाहीत, पण लाटणं जरुरीपेक्षा जोरात फिरत होतं.

मी म्हटलं, "चालेल."

"फक्त चालेल?"

"चालेल."

तुम्हाला ठाऊक होतं, आमच्या पुण्याच्या घरात याच्यापुढचा शब्द कुणी वापरत नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या डब्यात दोन प्रकारच्या कोशिंबिरी होत्या.

आणि मग परी आली. हरियाणातल्या बल्लभगढची, पाच वर्षांची. मी तिला पाहिलं नव्हतं; मी दुसऱ्या इमारतीत पडद्यासमोर बसणारी, माझ्याकडे माणसं येत नाहीत, त्यांची हृदयं येतात. तिची झडप गळत होती, आणि फुप्फुसं अशी की भूलतज्ज्ञांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. सर्जन म्हणाले, नीट फिल्म बघितल्याशिवाय मी हात घालणार नाही. म्हणजे पोरगी दोन्हीकडून अडकली. तिच्यासाठी तुमची पद्धत हा शेवटचा रस्ता होता. तुम्ही तिला श्वास मोजायला पोटावर पट्टा बांधून, कानात गाणी लावून, जागेपणी, श्वास घेत असतानाच आत पाठवलंत. माझ्या पडद्यावर फिल्म उघडली आणि मी बघतच राहिले. पोरगी श्वास घेतेय, हृदय धावतंय, आणि झडपेची रेघ एकच. स्वच्छ. कुठून आणि किती गळतंय ते बोट ठेवून दाखवता येईल असं. मी तिथे बसून रडले, शैलाताई. घळाघळा. आणि तुम्हाला फोनवर काय म्हटलं? "आली फिल्म. बरीय." तुम्ही म्हणालात, "बरी म्हणजे?" मी म्हटलं, "बरी म्हणजे बरी," आणि फोन ठेवला. परीचं ऑपरेशन झालं. ती आता शाळेत जाते. तिच्यानंतर किती मुलं तशीच, जागेपणी, श्वास घेत आत जाऊन बाहेर आली.

आणि मग एक दिवस तुम्हालाच जिना चढताना थांबायला लागलं. तुम्ही म्हणालात, प्रदूषण. मी म्हटलं, चला. त्या दिवशी मशीनवर राजबीर होता, तुमच्या हाताखाली तयार झालेला टेक्निशियन. तो इतका गडबडला होता की सवयीनं माइकवर बोलून गेला, "मैडम, साँस रोकिए." आणि आतून तुमचा आवाज आला, "राजबीर, साँस ही रोकनी थी तो मैंने ज़िंदगी भर किया क्या?" तो हसायला लागला आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवून डोळे पुसले. चित्र उत्तम होतं आणि बातमी वाईट. तुम्ही चाकाच्या खुर्चीत बसून मला विचारलंत, "झडप कशी आहे?"

"गळतेय. स्नायूही थकलाय."

"ते सोड ग. कड कशी आलीय?"

मला तुमचा इतका राग आला! स्वतःचं हृदय संपत आलंय आणि या बाईला कडेचं पडलंय. मी म्हटलं, "एकच रेघ आहे." तुम्ही अशा खूश झालात, पहिल्या नंबरानं पास झाल्यासारख्या.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवसांतही आपण भांडलोच. आता नवी सॉफ्टवेअर्स आलीत, हजारो हृदयं बघून शिकलेली. न घेतलेल्या ओळी ती अंदाजानं भरून काढतात, आणखी झटपट. या वेळी मी त्यांच्या बाजूची आणि तुम्ही विरुद्ध, उलटंच झालं. ऑक्सिजनची नळी नाकात, तरी म्हणालात, "स्वतःच्याच मागच्या क्षणाकडून उसनं घेणं वेगळं, मृदुला. दुसऱ्याच्या हृदयाकडून घेणं वेगळं. मी बिल्कुल नाही मानणार." मी म्हटलं, "आधी तपासून तर बघू. तुमचं तपासलं तसंच." तुम्ही म्हणालात, "तू तपासणार असशील तर..." आणि धाप लागली. नर्सनं मला बाहेर काढलं. ते वाक्य तिथेच राहिलं. तपासणार असशील तर काय? तर बघू? तर चालेल? पंधरवडाभर मी हेच घोळवतेय. अविनाश म्हणतो, सोड आता. कशी सोडू? जिच्याशी वाद घालून मी शहाणी झाले, ती बाई वाक्य अर्धं टाकून निघून गेली.

आता परवाचं सांगते. पंगतीत शेवटची, दाराजवळची जागा नेहमी तुमची, तिथून सगळी पंगत दिसते म्हणून. परवा तिथे अविनाशचे कुणी ऑफिसातले बसले होते आणि दिल्लीच्या रीतीप्रमाणे अर्ध्यातच उठून गेले. पान बदललं गेलं. मी मिठाची फेरी संपवून वळले तर त्या जागी एक बाई बसली होती, ओढणी डोक्यावर, शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी. दोघींच्या पानात भात-वरण पडलेलं होतं. डावी बाजू कोरी. मी तशीच परत फिरले. आधी मीठ वाढलं, मग लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, सगळं मागवून घेऊन एकेक करून. मुलीनं लोणचं चाटून तोंड वेडंवाकडं केलं आणि आणखी मागितलं.

बाई संकोचून म्हणाली, "राजबीर भाईसाहब ने फ़ोन पे बताया, मैडम नहीं रहीं. बल्लभगढ से आए हैं जी. ये परी है." मी मुलीकडे बघतच राहिले. हिचं हृदय मी आतून-बाहेरून ओळखत होते. चेहरा पहिल्यांदा बघत होते. गालावर लोणच्याचा खार लागला होता.

"आप मैडम की कौन लगती हैं?" बाईनं विचारलं.

"भाभी. छोटे भाई की पत्नी."

तिचा घास हातातच राहिला. "वो लड़ने वाली?"

बोलून गेल्यावर ती ओशाळली, हात जोडायला लागली. "बुरा मत मानना जी. उस दिन मैं बहुत डर रही थी, बच्ची को मशीन में भेज ही नहीं रही थी. तो मैडम ने बोला, सुन, मेरे घर में मेरी भाभी है. मेरी हर तस्वीर में नुक़्स निकालती है, खाने पे बैठ के भी लड़ती है. उसने हाँ बोल दी है. अब तू मत डर. मैंने पूछा, और वो हाँ नहीं बोलतीं तो? मैडम बोलीं, तो मैं तेरी बच्ची को हाथ नहीं लगाती."

हे तुम्ही बल्लभगढच्या एका अनोळखी आईला सांगितलंत, शैलाताई. मला नाही सांगितलंत. मला दोन कोशिंबिरी दिल्यात.

बाई अजून माझ्याकडे बघत होती, मी रागावले की काय म्हणून. मी मिठाची वाटी खाली ठेवली, परीच्या गालावरचा खार पदरानं पुसला आणि म्हटलं, "हाँ जी. वही लड़ने वाली." आजवर कुणालाही स्वतःची ओळख मी इतक्या अभिमानानं करून दिली नव्हती.